बीटाचा तांबडा

जावयाची बदली वॉर्साला झाली, ही बातमी आमच्या घरातून निघून राजारामपुरीच्या गल्लीच्या टोकाला पोचायला जेमतेम एक चहा होईस्तोवर वेळ लागला. समोरचे तात्या कट्ट्यावर बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वॉर्सा म्हंजे पोलंड न्हवं? मग आपल्या वळिवड्याचीच की माणसं!"

कोल्हापूरकराचा भूगोल असा घरापासून सुरू होतो. इतर गावांतल्या पोरांना पोलंड शाळेच्या नकाशात भेटतो. आम्हाला तो आधी वळिवड्यात भेटला आणि मग कधीतरी सातवी-आठवीत कळलं, की त्या नावाचा एक देशही आहे.

त्याचं असं झालं. १९३९ साली एका बाजूनं हिटलर आणि दुसऱ्या बाजूनं स्टालिन असे दोघेही पोलंडमध्ये घुसले. पूर्वेकडच्या लाखो माणसांना रशियनांनी आगगाडीत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळांची सुटका झाली. ती माणसं इराणपर्यंत आली. पुरुष फौजेत गेले आणि बायका-पोरं जगात जिथं कुणी जागा देईल तिथं गेली. गुजरातेत जामनगरच्या जामसाहेबांनी मुलांना आसरा दिला. आणि सुमारे पाच हजार माणसं १९४३ पासून कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरच्या आमच्या वळिवड्यात, बराकींच्या रांगांत राहायला आली. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं त्यांनी तिथं उभं केलं. पाच वर्षांनी, १९४८ मध्ये, ती पांगली. काही कोल्हापूरच्याच मातीत राहिली, त्यांची थडगी इथं आहेत. एक पोलिश मुलगी तर कोल्हापूरची सून झाली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं, जिथं आज अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. आमच्या मुलीचा बस्ताही तिथलाच. म्हणजे पोलंडला जाण्याआधी तिची साडी पोलंडमधूनच आली होती, असं तात्यांचं म्हणणं.

माझे आजोबा सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून त्या कॅम्पात भाजी विकायला जायचे. पाच वर्षं त्यांनी पोलिश संसार दारातून पाहिला आणि त्यांचा सगळा अभ्यास ते तीन वाक्यांत सांगायचे. बायका कामाला वाघ आहेत. पोरं चालताना गातात. आणि बीट दिसलं की भाव करत नाहीत. पहिल्या दोन गोष्टींवर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही. तिसरीवर ऐंशी वर्षं चालू होती. एवढ्या बीटाचं ती माणसं करायची काय? आजीचं मत, गालाला लावत असतील, म्हणून तर गाल तसे. आजोबांचं मत, गुरांना घालत असतील. कॅम्पात गुरं कुठली, असं विचारलं की ते रागवायचे.

हा प्रश्न घेऊन मी आणि आमची ही, जानेवारी २०२४ च्या अखेरीस, नव्वद दिवसांच्या व्हिसावर आणि दोन किलो कांदा-लसूण चटणीवर वॉर्साला उतरलो.

पहिला धडा संबोधनाचा. तिथं पुरुषाला 'पान' म्हणतात आणि बाईला 'पानी'. पाहुण्याला पान-पाणी विचारायची आपली रीत, तिथं पाहुणाच पान आणि पाहुणीच पानी. आणि त्या पानाशी बोलताना, तो समोर बसलेला असला तरी, तिसऱ्याच कुणाविषयी बोलल्यासारखं बोलायचं. 'पान चहा घेणार का? पानींचा प्रवास बरा झाला का?' मुलीला हे जड गेलं होतं. मला मुळीच गेलं नाही. माझ्या आजीनं सगळा संसार याच व्याकरणात केला. "जेवायला बसणार हाईत का म्हणावं," असं ती आजोबांच्या पुढ्यात उभी राहून भिंतीला विचारायची.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, म्हणजे गावातल्या तीन पिढ्यांना विभक्तीची भीती घातली. पोलिशमध्ये सात विभक्त्या आहेत आणि त्यांत संबोधन आहे, हे कळल्यावर मला परक्या मुलखात जुना विद्यार्थी भेटल्यासारखं झालं. तीन लिंगं आहेत. भूतकाळात बाईचं 'गेले' वेगळं आणि पुरुषाचं 'गेलो' वेगळं. अग्नीला ओग्येन म्हणतात, नभाला न्येबो, दोनाला द्वा, शंभराला स्तो. वाढदिवसाला 'स्तो लात' म्हणतात, म्हणजे शंभर वर्षं, म्हणजे आपलं शतायुषी भव. मी जावयाला म्हटलं, अहो, ही तर आपलीच भाषा आहे, फक्त थंडीनं आखडली आहे. पण पुढं एका शब्दाशी संस्कृतचा हात सुटला. 'हो'ला ते 'ताक' म्हणतात. चहा हवा का? ताक. कॉफी चालेल? ताक. ही चार दिवस समजत होती की या लोकांना दुसरं काही पिताच येत नाही.

त्याहून घातकी शब्द पुढं होता. एके सकाळी मुलगी फोनवर घरमालकाशी बोलत होती आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. "नो," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नो, नो." मग घाईघाईनं, "नो, नो, नो!" मी हिला हळूच सांगितलं, काहीतरी बिनसलंय, भाडं वाढवतोय वाटतं, पोरगी मात्र हलत नाही, आपलं रक्त आहे. फोन ठेवून मुलगी हसत बाहेर आली. घरमालकानं बाल्कनीची दुरुस्ती करून द्यायचं कबूल केलं होतं. पोलिशमध्ये 'नो' म्हणजे 'हं', 'व्हय', 'व्हय की'. आपण फोनवर मान डोलावतो, ती त्यांनी शब्दात आणली आहे. हे समजल्यावरही कानाला पटायला महिना गेला. बसमध्ये कुणी आजी नातवाला पंधरा वेळा 'नो' म्हणत असली की मला वाटायचं पोराला आईस्क्रीम मिळत नाही. बसमधून उतरून आजी त्याला आईस्क्रीम घेऊन द्यायची. उणे तापमानात.

शेजारी पानी राहायच्या. वय पंच्याहत्तरच्या पुढं, ताठ कणा, दारात कुंड्या. लिफ्टमध्ये त्या रोज 'जेन दोब्री' म्हणायच्या, हसायच्या नाहीत. तिथं अनोळखी माणसाकडे पाहून हसत नाहीत. पण लिफ्टमध्ये शिरताना नमस्कार आणि निघताना निरोप चुकवत नाहीत. आमच्या मेन रोडला याच्या बरोबर उलटं. ओळख नसलेला माणूसही 'काय भावा' म्हणून खांद्यावर हात टाकतो आणि नमस्काराचा पत्ता नाही.

या पानींनी एका दुपारी आम्हाला चहाला बोलावलं. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मी चौकातल्या फुलवाल्याकडे गेलो. तिथं शेवंती! पांढरीशुभ्र, टपोरी, कोल्हापुरात दसऱ्याला सुद्धा मिळायची नाही अशी. मी दहा घेतली. फुलवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि फुलं अशी गंभीरपणे बांधली, की मला वाटलं केवढी ही व्यवसायावरची निष्ठा. लिफ्टमधल्या दोघांनी बाजूला सरकून जागा दिली. पानींनी दार उघडलं. मी उंबरठ्याच्या अलीकडूनच एका हातानं गुच्छ पुढं केला आणि दुसरा हस्तांदोलनाला. पानी एक पाऊल मागं सरकल्या. मग त्यांनी माझं मनगट धरून मला आत ओढलं, दार लावलं, आणि मगच हात मिळवला.

मुलीनं घरी आल्यावर गुन्ह्यांची यादी वाचून दाखवली. शेवंती ही तिथं थडग्यावर वाहायची फुलं. एक नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या सर्वपित्रीला, सगळं पोलंड दफनभूमीत दिवे आणि शेवंती घेऊन जातं. दुसरं, सम संख्येची फुलं फक्त अंत्यविधीला. जिवंत माणसाला विषम द्यायची. तिसरं, उंबरठ्यावरून हात मिळवला की अपशकुन. थोडक्यात, मी एका धडधाकट बाईच्या दारात उभा राहून तिला तीन वेळा पोचवून आलो होतो.

"कसली बाई अंधश्रद्धा," मी म्हणालो.

ही काही बोलली नाही. तिनं कपाटातून पुतण्याच्या मुंजीसाठी आणलेलं आहेराचं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पाचशे एक. वरचा एक रुपया मीच शोधून शोधून घातला होता. मग तिनं विचारलं, "आणि त्या गॅसवाल्याला उंबऱ्यात पैसे देत होते तेव्हा 'आत ये बाबा, दारात देऊ-घेऊ नये' असं कोण वरडलं होतं?" हिरण्यकश्यपूला नरसिंहानं उंबऱ्यावर मारला, त्याचं आम्हाला कारण तरी माहीत आहे, असं मी सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

खरी शोभा तर त्या दुपारी चहाच्या वेळी झाली होती. पानींनी काचेच्या पेल्यात काळा चहा दिला, वर लिंबाची चकती. हिनं एक घोट घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, दूध मिळेल का म्हणून विचारलं. खोलीत शांतता पसरली. पानींनी आधी हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पोटाकडे. मग माझ्याकडे, आणि त्या नजरेत थोडा आदर होता असं मला अजूनही वाटतं. तिथं दुधाचा चहा बाळंतिणीला देतात. अंगावर दूध यावं म्हणून. आमची ही तेव्हा एकसष्टाव्या वर्षात होती. तिनं पुढचे अडीच महिने काळा चहा प्यायला.

पण पानींनी राग धरला नाही. पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे 'पाहुणा घरात, देव घरात' अशा अर्थाची म्हण आहे, आणि हा देव उपाशी आहे असं त्या सतत धरून चालतात. जेवण दुपारी तीनच्या सुमाराला, सुरुवात रश्शानं. पोलिश माणूस सूप न पिता जेवला तर त्याला जेवल्यासारखं वाटत नाही, आमच्यासारखंच. तर पानी स्वयंपाकघरातून आल्या आणि माझ्यासमोर वाडगा ठेवला.

तांबडा!

शप्पथ सांगतो, माझे डोळे भरून आले. तीन आठवडे उकडलेले बटाटे, कोबीत गुंडाळलेला भात आणि 'लोणचं' या नावाखाली मिठाच्या पाण्यात बुडवलेली काकडी, ना तेल ना मसाला. आणि आता अचानक हा रंग. तसाच गडद, तसाच तकतकीत, बाजूला वाफ. हिनं टेबलाखालून पायावर पाय दिला, म्हणजे हावरेपणा करू नका. पण कोल्हापूरकराला तांबडा दिसल्यावर कोण थांबवणार? मी चमचा बाजूला ठेवला, वाडगा उचलला आणि सरळ तोंडाला लावला.

गोड. गोड आणि आंबट. तिखटाचं नाव नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तांबड्या रंगानं मला फसवलं. मी वाडग्यात पाहिलं, पानींकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय? "बारश्च," त्या म्हणाल्या, आणि माझ्या चेहऱ्यावरून मला आणखी माहिती हवी असावी असं समजून स्वयंपाकघरात गेल्या आणि हातात धरून एक आणलं.

बीट.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. गालाला लावत नव्हते, गुरांना घालत नव्हते. तुमच्या टोपलीतल्या बीटाचा पंचगंगेच्या काठावर पाच वर्षं तांबडा रस्सा शिजत होता, आणि तुम्ही तिथून सायकल मारत घरी येऊन खरा तांबडा भुरकत होता. दोन्ही रस्से एकाच पंचक्रोशीत, आणि एकदाही भेट नाही.

आता तुम्ही विचाराल पांढरा कुठं? तर तोही आहे! त्याला 'पांढरा बारश्च' असंच म्हणतात, आणि त्याचा भाऊ 'झुरेक'. ईस्टरला करतात. पीठ पाण्यात आंबवायचं, त्याचं आंबट रसायन शिजवायचं, वर अंडं आणि पांढरं सॉसेज. ही पहिल्या घोटातच म्हणाली, "अवो, आंबील!" ओढ्यावरच्या यल्लमाच्या आंबील यात्रेत मिळते तीच, फक्त हिच्यात डुक्कर पडलंय. मग दोन दिवस ही कोड्यात होती. या लोकांना तांबडा ठाऊक, पांढरा ठाऊक, आंबील ठाऊक, आपली उकडीची करंजी 'पिएरोगी' म्हणून ठाऊक, मग मिरचीच तेवढी यांच्या वाटणीला का आली नाही? देवानं वाटप करताना कोल्हापूरच्या रांगेत दोन वेळा तर वाढलं नाही?

आणि मिरचीच्या जागी काय आलं म्हणता? शेपू! महाराष्ट्रात शेपूवरून घरं फुटतात. एका ताटात शेपू खाणारा आणि न खाणारा एकत्र बसत नाहीत. मी न खाणाऱ्यांपैकी. आईनं लहानपणी त्यासाठी मला उपाशी ठेवलेलं आहे. आणि या देशात बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू, सूपवर शेपू, माशावर शेपू. आपण कोथिंबीर भुरभुरवावी तसा. पासष्टाव्या वर्षी, घरापासून हजारो मैल दूर, आईचा सूड पूर्ण झाला.

एका गुरुवारी सकाळी, आठ फेब्रुवारीला, चौकातल्या बेकरीपासून बसथांब्यापर्यंत रांग लागली होती. सूटबूट घातलेले लोक, हातात खोकी. मला वाटलं काहीतरी टंचाई आली. जावई म्हणाले, आज चरबीचा गुरुवार. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा त्यांचा उपासाचा काळ असतो, तो सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी सगळा देश 'पोंच्की' नावाचे तळलेले गोळे खातो. खाल्ले नाहीत तर वर्ष वाईट जातं म्हणे. मी जावयांकडे पाहिलं, जावयांनी माझ्याकडे पाहिलं. सासरा-जावई असल्यामुळे आम्ही दोघांनीही 'गटारी' हा शब्द उच्चारला नाही. पोंच्कीच्या पोटात गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा होता. गुलकंदच तो. गटारीला गुलकंद खाणारा समाज किती सज्जन असेल, याचा तुम्हीच विचार करा.

सज्जनपणाचा मात्र मला रस्त्यावर त्रास व्हायचा. रात्रीचे साडेदहा, चौकात मांजर नाही, आणि आठ माणसं लाल दिव्यापुढं अंबाबाईच्या दर्शनाला उभी राहावीत तशी उभी. गाडी नाही, पोलीस नाही. आमच्याकडे सिग्नल हा एक सल्ला असतो, वडीलधाऱ्यानं दिल्यासारखा, ऐकून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी सरळ निघालो तर मागून सात जणांनी एकदम श्वास ओढला. त्या आवाजानं मी परत आलो. गाडीनं आलो नसतो.

आणि म्हाताऱ्या बायका! तिथं टोपी न घालता बाहेर पडलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता समजतात. ओळख लागत नाही. ट्रामच्या थांब्यावर एका आजीनं मला कानांकडे बोट दाखवून असं झापलं, की भाषा न कळताही प्रत्येक शब्द कळला: कान बांध, वारं लागंल. दगडी कठड्यावर बसलो तर दुसरीनं उठवलं. ही मात्र खूश. तिच्या मते हा एकमेव देश आहे जिथं तिच्या मताला रस्त्यावर पाठिंबा मिळतो. बाबागाडीला लाल फीत बांधलेली पाहून तर ती थांबलीच. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात असं कळल्यावर तिनं त्या बाळाच्या आईला खुणेनं काजळाची तीट समजावून सांगितली. दोघी दहा मिनिटं बोलत होत्या. कोणत्या भाषेत, ते मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा वेगळी. पोलिश माणसाला 'कसं चाललंय' विचारलं तर तो खरंच सांगतो. 'स्तारा ब्येदा', म्हणजे जुनीच गरिबी. हवा वाईट, सरकार वाईट, फुटबॉलची टीम तर त्याहून वाईट. कोल्हापूरकर याच्या उलट. खिशात दमडी नसली तरी 'जगात भारी'. एकदा खालच्या मजल्यावरचे पान त्यांच्या फुटबॉलविषयी अर्धा तास कळवळून बोलत होते. आमच्याकडे पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. त्या अधिकारानं मी मान डोलावली आणि म्हणालो, खरं आहे, तुमची टीम वाईटच. पानांचा चेहरा पडला. नंतर दोन दिवस ते लिफ्टमध्ये फक्त छताकडे पाहत होते. मग मला आमचे तात्या आठवले. रस्त्यांतल्या खड्ड्यांवर ते रोज तासभर बोलतात, पण सांगलीच्या व्याह्यांनी एकदा त्या खड्ड्यांचं नाव काढलं, तेव्हा तात्या म्हणाले होते, "खड्डं असूद्यात, आमचं हाईत."

डिसेंबरातली एक गोष्ट मी पाहिली नाही, फोनवर पाहिली. आम्ही जाण्याआधी मुलीनं व्हिडिओ कॉल करून पानींचं न्हाणीघर दाखवलं होतं. टबमध्ये एक जिवंत मासा पोहत होता. नाताळच्या आदल्या रात्री मटण चालत नाही, बारा पदार्थ करायचे, त्यांत मासा हवा, म्हणून जुन्या घरांत तो काही दिवस आधी आणून टबात ठेवायची रीत. आता ती कमी होत चालली आहे म्हणे. हिनं विचारलं, "मग आंघोळ कुठं करत्यात?" मुलगी म्हणाली, "आई, ते महत्त्वाचं नाही. पोरं त्याला नाव ठेवतात आणि मग कापू देत नाहीत, ते महत्त्वाचं." त्या रात्री आभाळात पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. वळिवड्यात बहुतेक बायका-पोरंच होती. नवरे, बाप आणि भाऊ फौजेत, काही कुठल्याच यादीत नाहीत. त्या बराकींत ते ताट कुणासाठी मांडायचे, हे आजोबांना दारातून दिसलं नसणार.

वॉर्सात मी भेटेल त्याला सांगत होतो, मी कोल्हापूरचा. कोल्हापूर! वळिवडे! समोरचा पान विचारायचा, गोव्याजवळ का? आमच्याकडे रिक्षावाल्यालासुद्धा पोलंड माहीत, आणि पोलंडमध्ये कोल्हापूर ठाऊक नाही म्हणजे काय? शेवटी मुलगी मला माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकापाशी घेऊन गेली. तिथं वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृती जपणारी पाटी आहे. आपल्याकडे महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे, तर त्यांच्याकडे आपली ही पाटी. युरोपच्या एका राजधानीत आपल्या गावाचं नाव वाचून मी टोपी काढली. आदरानं. तेवढ्यात मागून एक आजी ओरडल्या. मी पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. कोल्हापूर. मी. त्यांनी पाटी वाचली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या हातातली टोपी घेतली आणि दोन्ही कान झाकतील अशी माझ्या डोक्यावर ओढली.

तीस मार्चला रंगपंचमी होती. कोल्हापुरात रंगपंचमीला घरी बसलेला माणूस एकतर आजारी असतो नाहीतर परगावचा. मी त्या शनिवारी वॉर्सातल्या कोरड्या खिडकीत बसून गल्लीतल्या पोरांचे व्हिडिओ पाहत होतो. सोमवारी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, दाराची घंटा वाजली. उघडलं तर पानींचा दहा वर्षांचा नातू. त्यानं पिचकारी काढली आणि माझ्या तोंडावर मारली. मागं पानी हातात पेला घेऊन उभ्या, त्यांनी तो माझ्या डोक्यावर ओतला आणि पहिल्यांदाच हसल्या. त्या दिवशी तिथं एकमेकांना भिजवायची रीत आहे, 'श्मीगुस-दिंगुस' म्हणतात. रंग नाही, पाणीच.

आता पोरगं बिचारं काय समजलं होतं? पिचकारी मारायची, म्हातारा ओरडेल, पळून जायचं. मी राजारामपुरीचा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी आत गेलो, टबाचा नळ उघडला, बादली भरली. हिनं दुसरी भरली. पुढच्या वीस मिनिटांचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो, की जिना तिसऱ्या मजल्यापासून खाली पंचगंगेसारखा वाहत होता आणि सोसायटीनं दुसऱ्या दिवशी फलकावर लावलेली सूचना जावयांनी मला कधीच भाषांतर करून सांगितली नाही.

परत आल्यावर गल्लीत कुणाला ऐकायला वेळ नव्हता. ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले, कोल्हापूरच्या त्या स्मारकाला त्यांनी अभिवादन केलं, आणि टीव्हीवर ते दिसल्याबरोबर तात्या फाटकातून ओरडत आले, "मास्तर, तुमी गेल्तासा तीच जागा न्हवं?" पुढचा आठवडा माझा होता.

यंदाच्या फेब्रुवारीत जावयांचे एक सहकारी भारत फिरायला आले आणि वाट वाकडी करून कोल्हापूरला उतरले. मी त्यांना वळिवडं दाखवलं, गांधीनगर दाखवलं, दुकानांच्या गर्दीत जुनी बराक शोधायचा प्रयत्न केला. पान वहीत सारखं काहीतरी टिपून घेत होते. रिक्षाला लिंबू-मिरची का बांधतात? बाहेर पडताना हिनं हातावर दही का ठेवलं? निघाल्यावर मी चष्मा विसरलो म्हणून परत आलो, तेव्हा क्षणभर टेकून पाणी का प्यायलो? हा शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला नाही खरं म्हणजे. त्यांनी वही मिटली आणि तेही शेजारी टेकले. त्यांच्याकडेही परत फिरलं की बसून दहा आकडे मोजतात.

दुपारी घरी ताट. सुकं मटण, भाकरी, कांदा, दोन वाट्या. त्यांनी हिच्यासाठी सात फुलं आणली होती, मोजून. ती हिनं अंबाबाईच्या फोटोपुढं ठेवली. पान पाटावर कसेबसे मांडी घालून बसले, वाट्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. एक तांबडी, एक पांढरी. "बारश्च!" ते म्हणाले. घरापासून इतक्या लांब, इतक्या दिवसांनी. मी त्यांना सावध करायला तोंड उघडलं, पण तो आनंद मला ओळखीचा होता. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, तांबड्याची वाटी उचलली आणि सरळ तोंडाला लावली.

अर्धी वाटी गेल्यावर ते थांबले. आधी कान तांबडे झाले, मग मान, मग डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट लागलं का?" हिनं काळजीनं विचारलं. "स्पायसी?"

पानांनी तोंड उघडलं. इंग्रजी येईना. हात हवेत हलवत, जीव तोडून, ते त्यांच्या मातृभाषेत म्हणाले, "नो... नो! नो, नो, नो!"

"बघा," ही माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमीच उगा म्हणत होता, त्या माणसाला सोसायचं न्हाई." आणि तिनं पळीभर तांबडा त्यांच्या वाटीत ओतला, वरच्या कटासकट.

त्या घरात पोलिश कळणारा मी एकटा होतो. मी पांढऱ्याची वाटी जवळ ओढली आणि भाकरी मोडली.